जुनी लाकडी होडी पालथी करायची आहे. अनुभव आणि सल्ले हवेत (पुणे)

सागवानी

नमस्कार मंडळी. मी जुन्या सागवानी फर्निचरची दुरुस्ती करते, धायरीत शेड आहे. सध्या माझ्याकडे कपाट-पलंगांऐवजी एक होडी आली आहे. पुण्यातल्याच एका कुटुंबाची वल्ह्यांची होडी, साधारण १६ फूट लांब, मधोमध रुंदी १.४ मीटर. मालक ऐंशीच्या घरातले आहेत आणि त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून ती घरात आहे. बांधणी एकावर एक चढवलेल्या फळ्यांची. दोन फळ्या जिथे एकमेकींवर येतात तिथे तांब्याचा खिळा आरपार आणि आतून तांब्याची चकती बसवून ठोकलेली. बरगड्या बारीक, वाफेवर वाकवलेल्या. बनवणाऱ्याची पट्टी किंवा शिक्का कुठेही नाही.

वरून ती फार देखणी आहे. खालून मात्र कण्यालगतच्या (कणा म्हणजे तळाच्या मधोमध जाणारं लांब लाकूड) दोन्ही फळ्या हाताला भुसभुशीत लागतात, काही बरगड्या मोडल्या आहेत आणि कण्यावर कधीतरी पत्रा मारून डांबर फासलेलं आहे. हे काम करायला होडी पालथी करावी लागेल. पलंग उलटा करणं वेगळं, ही वस्तू वेगळी. हिच्यात एकही काटकोन नाही आणि धरायचं कुठे हेच कळत नाही. उचलताना अंगातून आवाज येतो.

कुणी केलंय का हे? माणसं लावून, चेन पुलीनं, हायड्रा क्रेन बोलावून? शेडला पत्र्याचं छत आहे, त्याच्या कैच्यांवर भार देता येणार नाही. कृपया सविस्तर लिहा.

चिमणी

अगदी अडाणी प्रश्न विचारते. लाकडी घोड्यांवर उंच ठेवून खालून काम नाही करता येणार? पालथी करायलाच हवी का?

सागवानी

@चिमणी, प्रश्न बरोबर आहे, मीही आधी तोच विचार केला. थोडंसं काम असतं तर खालून झालं असतं. पण इथे कण्यालगतच्या फळ्या पूर्ण काढून नव्या बसवायच्या आहेत. खाली पाठीवर झोपून, डोक्यावर पटाशी धरून खाच साफ करायची म्हणजे नेमकेपणा राहत नाही. शिवाय जुना रंग खरवडताना सगळी धूळ तोंडावर येते. पालथी झाली की तेच काम टेबलावरच्या कामासारखं डोळ्यांसमोर येतं.

वल्हेकरी

वाचून फार आनंद झाला! मी सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. आमचा बोट क्लब १९२८ सालचा, मुळा नदीवर. दरवर्षीच्या रेगाटाची, म्हणजे होड्यांच्या उत्सवाची, तालीम करत आम्ही वाढलो. होड्या उलट्या-सुलट्या करणं हा आमचा रोजचा कार्यक्रम होता. शर्यतीची आठ जणांची होडी सतरा मीटरच्या पुढे लांब असते, पण आजच्या नियमात तिचं किमान वजन फक्त ९६ किलो आहे. आठ जण डोक्यावर पालथी धरून धक्क्यापर्यंत नेतात, एकाच्या हुकमावर कमरेपर्यंत आणतात आणि उताणी करून पाण्यात ठेवतात. दोन मिनिटांचं काम.

तुमच्या होडीला आठ-दहा माणसं पुरतील असं वाटतं. पण हुकूम एकानंच द्यायचा. प्रत्येक जण 'उचल', 'थांब' ओरडायला लागला की होडी पिळते. आणि माणसं उंचीप्रमाणे लावा, उंच-बुटके मिसळू नका, नाहीतर सगळा भार उंचांवर येतो.

वजन किती आहे? आणि कुठल्या लाकडाची?

सागवानी

@वल्हेकरी, धन्यवाद. फळ्या सागवानाच्या आहेत, कणाही सागवानीच वाटतो. वजन केलेलं नाही. कसं करायचं?

भोसरीकर

वजन करणं सोपं आहे. भंगारवाल्याकडचा एक प्लॅटफॉर्म काटा आणा. होडी दोन टोकांजवळ दोन गुटक्यांवर ठेवा, दोन्ही गुटके कण्याच्या खाली. आधी पुढचा गुटका काट्यावर, मागचा तेवढ्याच उंचीच्या फळकुटावर. वाचन घ्या. मग अदलाबदल. दोन्ही वाचनांची बेरीज म्हणजे एकूण वजन. त्यातच गुरुत्वमध्य लांबीत कुठे आहे तेही मिळतं. दोन्ही आकडे आणि गुटक्यांमधलं अंतर इथे द्या, पुढचं मी सांगतो.

तोपर्यंत एकच विनंती. वजनाची काळजी कमी करा, आकाराची जास्त करा. दीडशे-दोनशे किलो उचलणं पुण्यात कुणालाही जमतं, गणपती मंडळाचे चार कार्यकर्ते बोलावले तरी होईल. प्रश्न हा आहे की तुमच्या होडीची कण्यालगतची फळी कुजलेली आणि बरगड्या मोडलेल्या आहेत, म्हणजे जिच्यामुळे आकार टिकतो तीच बाजू आता अशक्त आहे. अशा अवस्थेत पालथी केली आणि ती दोन सेंटिमीटर पिळली, तर तुम्ही नव्या फळ्या त्या पिळलेल्या आकारावर बसवाल. मग तो पीळ कायमचा.

जयगडकर

सागवानी ताई, मी मूळचा जयगड खाडीचा, आता कोथरूडला मुलाकडे असतो. आमच्याकडे मचव्याला, म्हणजे मोठ्या होडीला, कोणी पालथं घालत नाही. ओहोटीला वाळूवर एका अंगावर कलवतात, उघड्या पडलेल्या बाजूचं काम उरकतात, पुढच्या ओहोटीला दुसरी बाजू. पालथ्या पडतात त्या लहान होड्या, त्याही पावसाळ्यात वर ओढून, वर झावळ्या घालून. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा किनाऱ्यावर हेच दिसतं.

तुमच्या कामात पठाणालाच (कण्याला आम्ही पठाण म्हणतो) हात लावायचा आहे, म्हणजे पालथी घालणं आलं. पण बाक काढू नका. लोक हलकी करायला म्हणून आधी बाक उचकटतात. बाक हेच दोन काठांना धरून ठेवणारं लाकूड. पालथी घालून, नीट टेकवून झाल्यावर काय काढायचं ते काढा.

आणि कोरडी ठणठणीत असताना हलवू नका. वाळलेल्या होडीच्या फळ्या आकसतात, खिळे सैल होतात, मग प्रत्येक सांधा हलतो. आत ओली गोणपाटं अंथरून ठेवा, रोज शिंपडा, पण पाणी साचू देऊ नका.

चिमणी

जयगडकर काका, हे ओल्या गोणपाटाचं पहिल्यांदाच ऐकलं. पुण्याच्या हवेत तर फारच गरजेचं असणार.

जयगडकर

हो. माझ्या मुलाच्या घरी मी देवघराचा सागवानी दरवाजा पाहतो. एप्रिलमध्ये फटी पडतात, ऑगस्टमध्ये लागत नाही. किनाऱ्यावर हवा बारा महिने दमट. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि श्रावणात ८० च्या वर जाते. होडीला हे फार जड जातं. पावसाळा संपल्यावर, लाकडाच्या अंगात थोडी ओल असताना पालथी घाला. उन्हाळ्यापर्यंत थांबू नका.

मावळा_७७

एवढा खटाटोप कशाला? हायड्रा बोलवा, दोन पट्टे टाका, उचला, फिरवा, ठेवा. अर्ध्या तासाचं भाडं. आणि फळ्या बदलण्यापेक्षा बाहेरून फायबरचा थर मारून टाका. आमच्या गावच्या तलावातल्या होडीला तसंच केलंय, दोन वर्षं झाली, टिपूस गळत नाही.

भोसरीकर

@मावळा_७७, फायबरबद्दल आधी. एकावर एक फळ्या चढवलेली होडी प्रत्येक ऋतूत थोडी हलते, फुगते, आकसते. तिच्यावर ताठ थर बसवला की काही दिवस तो टिकतो, मग सांध्यांवर चिरतो, आत पाणी शिरतं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. लाकूड आतल्या आत कुजतं. दोन वर्षांत गळत नाही म्हणजे आत काय चाललंय ते दिसत नाही, इतकंच. नव्या होडीला करायचं ते करा, पण तीन पिढ्या टिकलेल्या होडीला करू नये असं माझं ठाम मत आहे. तो थर काढायची वेळ आली तर त्याबरोबर मूळ लाकडाचा पापुद्राही निघतो.

आता पट्ट्यांबद्दल. वर एका हुकाला दोन टोकं बांधलेला पट्टा जितका पसरट होतो तितका तो होडीचे काठ आत ओढतो. समजा वजन १५० किलो आहे आणि दोन पट्टे आहेत, म्हणजे एका पट्ट्यावर ७५. पट्ट्याची टोकं आडव्याशी ६० अंशांत असतील तर प्रत्येक काठावर आत ढकलणारा दाब साधारण २२ किलो. तीच टोकं ३० अंशांवर आली, म्हणजे पट्टा आखूड घेतला, तर तो दाब ६५ किलो. शंभर वर्षांच्या काठावर, तेही कमरेत मोडलेल्या बरगड्या असताना! काठापेक्षा रुंद आडवी बल्ली वर लावून पट्टे सरळ उभे सोडले तर हा दाब जवळपास नाहीसा होतो. पण हायड्रावाल्याकडे ती नसते आणि त्याला वेळही नसतो.

सागवानी

वजन केलं. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, ६८ किलो, मागच्या पाटाकडे ७९ किलो. गुटक्यांमधलं अंतर ४.२ मीटर.

भोसरीकर

उत्तम. एकूण १४७ किलो. गुरुत्वमध्य पुढच्या गुटक्यापासून ४.२ गुणिले ७९ भागिले १४७, म्हणजे २.२६ मीटरवर. तिथे काठावर खडूनं खूण करा.

तुमच्या छतावर भार देता येत नाही आणि उचलायची तशी गरजही नाही, म्हणून मी चाकांची पद्धत सुचवतो. होडीला दोन मोठी लाकडी चाकं घालायची आणि जमिनीवरून गडगडत न्यायची. गुरुत्वमध्याच्या पुढे-मागे सारख्या अंतरावर एकेक, शक्यतो बाकांच्या रेषेत, म्हणजे चाकाचा दाब आला तर तो बाक घेईल.

चाक १९ मिमी प्लायचं, व्यास १.७ मीटर. मधे त्या जागच्या होडीच्या आडव्या छेदाचं भोक. चाक काठाच्या रेषेत दोन तुकड्यांत कापायचं. खालचा तुकडा आठ बाय चारच्या एका शीटमध्ये एक बसतो. वरचे दोन्ही लहान तुकडे तिसऱ्या शीटमधून निघतात. एकूण तीन शीट. होडी जॅकनं उचलून खालच्या तुकड्यात बसवायची, वरचा तुकडा ठेवून पट्ट्या आणि बोल्टनं जोडायचा. भोक होडीपेक्षा बोटभर मोठं ठेवा आणि त्यात जुनी घोंगडी कोंबा. दोन्ही चाकं एकमेकांना लांब बल्ल्यांनी जोडा, नाहीतर एक पुढे पळेल, दुसरं मागे राहील आणि मधली होडी पिळेल. तो पीळच टाळायचा आहे.

भोक कापताना चाकाचं केंद्र होडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर यायला हवं. रिकाम्या उघड्या होडीचा गुरुत्वमध्य खाली, तळाकडे असतो. तुम्ही कण्याच्या तळापासून २२ सेंटिमीटर धरून चाला. चूक निघालीच तर नंतर वाळूची पिशवी बांधून सावरता येते. दहा अंश कलवून सोडा. ती स्वतःहून परत सुलटी होऊ पाहत असेल तर केंद्र वर आहे, होडीच्या वरच्या अंगाला वाळू बांधा. पुढे पळू पाहत असेल तर कण्याकडे बांधा. नीट जमलं की कुठल्याही अंशावर सोडा, जिथे सोडाल तिथे उभी राहते. मग दोन माणसंही फिरवू शकतात.

आणि जागा मोजा. अर्ध्या फेऱ्यात चाक २.६७ मीटर सरकतं. शेडमध्ये बाजूला तेवढी सपाट मोकळी जमीन हवी. मी भिंतीला टेकलेलं काम अर्ध्यावर अडकलेलं पाहिलं आहे.

वल्हेकरी

भोसरीकर, हे अफाट आहे. वाचनखूण साठवली. मी हात लावायला येणार, दोन-तीन जुने सवंगडी घेऊन.

नदीप्रेमी_औंध

थोडं अवांतर. पुण्यात वल्ह्यांच्या होड्यांचा इतिहास फार जुना आहे. बंडगार्डनजवळचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा. त्या काळात बंधाऱ्यामुळे तिथे वर्षभर पाणी राहायचं. आज जलपर्णीखाली नदी दिसत नाही, पण एके काळी पुण्यात घराघराला नाही तरी बंगल्याबंगल्याला अशा होड्या असाव्यात. सागवानी, ह्या होडीच्या प्रचि (प्रकाशचित्रं) नक्की टाका, मालकांची परवानगी असेल तर.

सागवानी

परवानगी आहे, पण चेहरे आणि घर दिसणार नाही असे टाकेन.

आता अपडेट. पहिल्यांदा मोजमापं घेतली. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल ट्यूब फार कामी आली. होडीच्या दोन्ही काठांवर ठरावीक अंतरावर खुणा केल्या आणि ट्यूबनं उंची जुळवून पाहिली. उजवा काठ मागच्या बाजूला थोडा खाली आहे. नाळेच्या टोकापासून दोन्ही काठांवरच्या समोरासमोरच्या खुणांपर्यंत कर्ण मोजले. कण्याखाली नाळेपासून मागच्या पाटापर्यंत दोरी ताणली. कणा मधोमध ११ मिमी वर उचललेला आहे, म्हणजे दोन्ही टोकं खाली झुकली आहेत. ह्याचा अर्थ मला नीट माहीत नाही.

आतून ताण दिले. काठाला काठ आडव्या पट्ट्या, आणि प्रत्येक दोन पट्ट्यांच्या मधे फुली. एकही स्क्रू मारला नाही. सगळं जी-क्लॅम्पनं, खाली नमदा ठेवून. ओली गोणपाटं घातली. दोन दिवसांत फळ्यांमधल्या फटी केसाएवढ्या झाल्या. जयगडकर काका, नमस्कार तुम्हाला.

जयगडकर

सुखी राहा.

कणा वर उचलला म्हणजे होडी 'कुबडी' झाली. पुष्कळ जुन्या होड्यांना होतं. मधल्या भागाला पाणी उचलून धरतं, टोकांना कमी. आणि शेडमध्ये नुसती मधे टेकवून ठेवली तर आणखी होतं.

भोसरीकर

इथेच पालथं करण्याचा खरा फायदा आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सुलट असताना टोकांचं वजन कुबड वाढवतं. पालथी केल्यावर तेच वजन उलट्या दिशेनं काम करतं. मधे टेकू द्या आणि टोकं किंचित मोकळी सोडा, म्हणजे टोकं जमिनीकडे झुकतात. पालथ्या होडीत टोकं जमिनीकडे झुकणं म्हणजे कुबड उतरणं. हे हळूहळू व्हायला हवं. पाचरी एका वेळी एक-दीड मिमी काढायच्या, चार दिवस थांबायचं, दोरी पुन्हा मोजायची. लाकूड ओलसर असेल तरच ते ऐकतं.

मोठ्या जहाजांच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो. पोर्ट्समथला एचएमएस व्हिक्टरी १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे. इतकी वर्षं पाण्याचा आधार नसल्यामुळे तिच्या सांगाड्याला ठरावीक जागीच ताण बसत राहिला. म्हणून अलीकडे तिला शंभरावर नव्या टेकूंचा आधार दिला, म्हणजे पाण्यात असताना जसा सगळीकडून आधार मिळतो त्याच्या जवळ जाता यावं. मुद्दा तोच, होडीला हवेत कुठे कसं टेकवता ह्यावर तिचा आकार ठरतो.

कसब्यातला

खिळे-चकत्यांचं काय करणार? आमच्या कसब्यात तांबट आळीत अजून तांब्याचं ठोकाठोकीचं काम करणारी घरं आहेत. चकत्या हातानं कापून, किंचित घुमटाकार करून मिळतील असं वाटतं. एक जुनी चकती नमुन्याला घेऊन जा. फोटो दाखवू नका, हातात द्या. जाडी, भोक आणि घुमट हे त्यांना बोटांना कळतं.

सागवानी

@कसब्यातला, गेले होते! नमुना हातात घेतला आणि पहिला प्रश्न आला, 'हे मऊ करून घेतलंय का?' तांब्याचा खिळा तापवून गार केला की मऊ पडतो आणि चकतीवर नीट फुलतो. ठोकून कडक झालेला असेल तर टोक फुटतं. माझ्या डोक्यात हे नव्हतंच. चकत्या सांगितल्या आहेत. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुन्या वाड्यांच्या तुळयांचं मिळालं, नव्या सागवानापेक्षा कितीतरी घट्ट रेषांचं.

सागवानी

झाली! होडी पालथी झाली.

सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

चाकं तयार करायला सगळ्यात जास्त वेळ गेला. होडीचा आडवा छेद काढायला मी वाकणारी शिशाची पट्टी वापरली. ती अंगाला दाबून घ्यायची आणि प्लायवर ठेवून रेघ मारायची. पण एकावर एक फळ्यांच्या पायऱ्या त्यात येत नाहीत, म्हणून भोक पायऱ्यांच्या बाहेरून सलग कापलं. पायऱ्यांचे कोपरे चाकाला टेकले असते तर सगळा भार त्या धारांवर आला असता. घोंगडीच्या घड्या प्रत्येक पायरीखाली वेगवेगळ्या जाडीच्या दिल्या.

होडी दोन जॅकनी, कण्याखाली जाड फळी ठेवून, दोन्हीकडून आळीपाळीनं बोट-बोट उचलली. खालचे तुकडे आत सरकवले. वर तुकडे ठेवून बोल्ट आवळले. बल्ल्यांनी दोन्ही चाकं बांधली.

मग कलवून पाहिलं. ती ठामपणे परत सुलटी होत होती, म्हणजे गुरुत्वमध्य आम्ही धरलं होतं त्याहून खाली होता. वरच्या आडव्या पट्टीला वाळूच्या पिशव्या बांधत गेलो. एका क्षणी हात सोडला आणि ती कलती तशीच उभी राहिली, ना पुढे ना मागे. वल्हेकरींनी लगेच हुकूम हाती घेतला. दोघं पुढच्या चाकाला, दोघं मागच्या, दोघं उलट्या बाजूला दोर धरून, आणि मी मधे, फक्त ताणाच्या पट्ट्यांकडे लक्ष ठेवून. पाव फेरा झाल्यावर मुद्दाम थांबलो. होडी कुशीवर होती. फुल्या पाहिल्या, क्लॅम्प चाचपले, एक सैल झाला होता तो आवळला. चाकाच्या पुढे-मागे पाचरी ठोकूनच हे केलं. मग पुढचा पाव फेरा. सुरुवातीला तिला उचलताना जो कुरकुर आवाज यायचा तो एकदाही आला नाही.

घोड्या आधीच लेव्हल ट्यूबनं जुळवून ठेवल्या होत्या. जॅक लावून चाकांचे तुकडे सोडले आणि होडी काठांवर नव्हे, बाकांच्या रेषेत टेकवली. लगेच पुन्हा मोजलं. कर्णांत फरक नाही. कण्याचं कुबड ११ वरून ९ मिमी, आपोआप.

भोसरीकर

कर्णांत फरक नाही हे वाचून डोळे भरून आले. अभिनंदन ताई. सगळ्यांचं.

वल्हेकरी

मी तिथे होतो म्हणून सांगतो, पाव फेऱ्यावर थांबायचा निर्णय ताईंचा होता आणि तोच महत्त्वाचा ठरला. आम्हाला सवय एका दमात फिरवायची. शर्यतीची होडी आणि ही, ह्यांची जात वेगळी आहे.

चिमणी

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)! खाली काय निघालं?

सागवानी

पत्रा काढला. त्याखाली लोखंडी खिळे, डझनावारी. प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड शाईसारखं काळं आणि चिमटीत धरलं तर पूड होणारं. शेजारी मूळ तांब्याचे खिळे होते तिथलं लाकूड अजून पिवळट, घट्ट. एकाच फळीवर बोटभर अंतरावर दोन्ही.

रंगाचे थर खरवडताना सगळ्यात खाली केशरी-लाल थर लागला. फार घट्ट चिकटलेला आहे. तो घासून काढू का?

भोसरीकर

थांबा! घासू नका. लोखंड आणि तांबं ओल्या लाकडात शेजारी आलं की लोखंड आधी गंजतं आणि त्याचा गंज लाकडातल्या आम्लद्रव्यांशी मिळून ते काळं पडतं, तो भाग कळला. पण केशरी-लाल थर म्हणजे बहुधा शिशाचा रंग, आपला मारुतीला लावायचा शेंदूर असतो तोच पदार्थ तेलात कालवलेला. जुन्या काळी होड्यांच्या लाकडाला पहिला हात ह्याचाच देत. सँडरनं उडणारी त्याची धूळ फुप्फुसांत जाते आणि शिसं शरीरात साठतं. मुलांना तर फारच घातक.

जिथे थर घट्ट आहे तिथे तो राहू द्या. जिथे काढावाच लागेल तिथे ओलं करून हाताच्या खरवडणीनं, खाली प्लास्टिक अंथरून, कण गाळणारा योग्य मास्क लावून. कपडे वेगळे ठेवा आणि घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. खरवडलेलं सगळं वेगळ्या पिशवीत, झाडलोटीच्या कचऱ्यात नको. हीट गनही नको, जास्त तापला तर शिशाची वाफ होते.

सागवानी

सँडर बंद केला. माझा मदतनीस मुलगा त्या कामापासून दूर ठेवला आहे, खरवडणं मीच करते आहे. मालकांच्या नातवंडांना शेडमध्ये यायचं होतं, त्यांना रंगाचं काम संपेपर्यंत नको म्हणून सांगितलं.

आता एक शेवटचा प्रश्न. कुजलेल्या दोन्ही फळ्या आधी काढू का, की कुबड उतरायची वाट बघू? मालक उत्सुक आहेत, मीही आहे.

जयगडकर

वाट बघा. नवी फळी बसली, खिळे फुलवले, की होडी त्या आकारात कुलूपबंद होते. आधी पठाण सरळ, मग बरगड्या, मग फळी. आणि एका वेळी एकाच बाजूची फळी काढा. दोन्ही एकदम काढल्या तर कण्याला धरायला कुणी राहत नाही.

भोसरीकर

काकांना पूर्ण अनुमोदन. ९ मिमीवर आहात. सगळं उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. तीन-चार मिमीपर्यंत आलं आणि दोन आठवडे तिथेच थांबलं, तर तो ह्या होडीचा आजचा आकार समजा आणि फळी त्यावर बसवा. पाचरी काढताना जोर लावावा लागला तर तिथेच थांबा.

चाकं मोडू नका. परत सुलटी करताना लागतील, पण तेव्हा होडी नव्या लाकडामुळे थोडी जड असेल आणि वजन कण्याकडे जास्त असेल, म्हणून वाळू पुन्हा नव्यानं जुळवावी लागेल. भोकाची कडही नव्या फळीला अडेल. आत्ताच चाकांच्या भोकाचा कागदी नमुना काढून त्यावर कुठलं चाक, पुढचं की मागचं, डावी बाजू कुठली, ते लिहून भिंतीला लावा.

सागवानी

नमुने काढले, लावले. चाकांवरही लिहिलं. आज पहिली पाचर दीड मिमी काढली आहे, सहज निघाली. गोणपाटं आता आत घालता येत नाहीत म्हणून बाहेरून, कण्यावरून दोन्हीकडे सोडली आहेत, काळवंडलेली जागा तेवढी उघडी ठेवून. रविवारी दोरी मोजून आकडा इथेच टाकते.